जो उदासीन, त्याची नोंद नाही

तार्तूत जानेवारीची सकाळ नऊच्या सुमारास उजाडते,
म्हणून रात्र संपली की नाही
हे आम्ही पंपाच्या आवाजावरून ठरवतो.
तळघरातला तो पंप अठ्ठावीस वर्षांचा,
उर्वेच्या नोकरीइतकाच जुना, तिच्याहून कुरकुरा.

उर्वे शंकूचं तोंड पुसते मिथेनॉलच्या बोळ्यानं.
लाडानं वगैरे नाही,
काल राहिलेलं आज खोटं बोलू नये म्हणून.
"३९१ आलाय," ती म्हणते, चष्मा वर न करता.
३९१ म्हणजे प्लास्टिकच्या नळीतून झिरपणारा भाडेकरू:
भाडं देत नाही, जागा सोडत नाही.
त्याची इतकी सवय झालीय
की दुसरं कुणी आलं तर लगेच कळतं.

आम्हाला हवं होतं ते दुसरंच कुणी.

फ्लास्कमध्ये एकीकडून आयोडीनवालं संयुग जातं,
दुसरीकडून बोरॉनवालं,
आणि सकाळी गाळणीवर पांढरी भुकटी, जोडलेली, शहाणी.
मधे पॅलेडियम दोघांचे हात एकमेकांत देतं
आणि निघून जातं,
लग्न जुळवणारा मध्यस्थ पंगतीला थांबत नाही तसं;
त्याला पुढचं स्थळ गाठायचं असतं.
हात देतानाचा तो पळ
कोणाच्याच अल्बममध्ये नाही.

यंत्राची अट एकच. भार पाहिजे.
जो उदासीन, तो समोरून गेला तरी गेला.
म्हणून पॅलेडियमच्या सोबत्याला, फॉस्फीनला,
मी एक शेपूट लावलं, कायमचं धनभारित,
रानात सोडलेल्या गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखं.
शेपटाला सात आठवडे लागले.
पाचव्यात मी रडले, ते वहीत लिहिलेलं नाही.

मग सुईच्या टोकाला साडेतीन हजार व्होल्ट.
थेंब फुटतो, त्याचे थेंब फुटतात,
त्यांचेही,
द्रावक उडून जातं
आणि निर्वातात उरतं ते एकटं, निव्वळ वजन आणि भार.

मंगळवारी दोन चाळीसला
आयव्हारनं बोरॉनची पिचकारी दाबली.
मी डोळ्यांत तेल घालून बसलेली.
तळाशी गवत नुसतं, आणि ३९१.
मग गवतात काहीतरी हललं.

पॅलेडियम एकटं येत नाही, सहा भावंडं येतात:
१०२ इतकं बुटकं की मोजायचं राहून जावं,
१०६ आणि १०८ जवळजवळ खांद्याला खांदा,
११० मागे रेंगाळलेलं.
लांबून, तोंड दिसायच्या आत,
चालीवरून माणूस ओळखावा
तशी मी ती रांग ओळखली.

"आर्गॉन," मी म्हटलं. बहुतेक ओरडले.
आदळल्याशिवाय इथे कुणी
आपण कोण ते सांगत नाही.
ते आदळलं, तुटलं,
आणि तुटताना त्यानं नेमकं तेवढंच वजन टाकलं
जेवढं सकाळच्या पांढऱ्या भुकटीच्या एका रेणूचं.
मग हातावर तुरी देऊन गवतात.

शेजारी एक उंच शिखर रात्रभर उभं होतं.
गेल्या वर्षीचा आमचा अख्खा अहवाल त्याच्यावर.
आयव्हार त्याच्याकडे बघत काळा पाव चावत राहिला,
मग म्हणाला, "हा नुसता बसलेला असतो रे.
काम नसलं की इथे येऊन बसतो."
कोणी हसलं नाही.
अहवालाची तेवीस पानं माझी होती.

उर्वे कोट चढवून दारात.
जूनमध्ये ती निवृत्त होणार,
कुठल्याच लेखावर तिचं नाव नाही,
आणि हे तिला सांगायला
मला आजवर योग्य वेळ सापडलेली नाही.
"किती वेळ दिसलं?"
"अकरा सेकंद. पडद्यावर.
ते स्वतः किती जगलं, कोण जाणे."

तिनं कोट काढला, पुन्हा खुंटीला लावला,
बोळा भिजवला.
"मग पुसू का आता?"

पुसलं.
३९१ होताच.